शुश्रूषा : इस्पितळातील पायऱ्या आणि विटाळाची उतरंड

कोणत्याही सरकारी इस्पितळाच्या वॉर्डात तासभर बसावे आणि नुसत्या हाका ऐकाव्यात. डॉक्टरला 'सर' किंवा 'साहेब', परिचारिकेला 'सिस्टर', आयाला 'मावशी', वॉर्डबॉयला 'मामा'. आणि संडास धुणाऱ्याला बहुधा हाकच नसते, 'ए' किंवा 'अरे' एवढ्यावर काम भागते. 'साहेब' हा शब्द कचेरीतून आला. 'सिस्टर' ख्रिस्ती धर्मभगिनींच्या मठातून आला. 'मावशी' आणि 'मामा' मात्र आपल्या घरातून तेथे गेले. ही मायेची नाती आहेत, त्यात वावगे काय, असे कोणी विचारील. पण मग मायेचा हा वर्षाव खालच्या पायऱ्यांवरच का होतो? डॉक्टरला कोणी मामा म्हणत नाही. ज्याला पगारात आणि मानात काही द्यायचे नसते त्याला नाते देऊन मोकळे होण्याची आपली जुनी रीत आहे. गावगाड्यातही म्हाताऱ्या महाराला 'बाबा' म्हणून हाक मारीत असत आणि भाकरी वरूनच टाकीत असत.

डॉक्टर आणि परिचारिका यांच्या संबंधांविषयी जे लिहिले जाते, त्यात साधारणतः दोन कारणे सांगितली जातात. एक, डॉक्टर हा पुरुष आणि परिचारिका ही स्त्री. घरातील नवराबायकोचे नातेच वॉर्डात येते. दुसरे, इस्पितळाची शिस्त इंग्रजांच्या लष्करातून आली, म्हणून हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारी अशी रचना झाली. दोन्ही कारणे खरी आहेत. १८५४ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल अडतीस परिचारिका घेऊन स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचली, तेव्हा तेथील डॉक्टरांना त्या नको होत्या. तिने आपल्या परिचारिकांना हात बांधून बसवून ठेवले. डॉक्टर मागणी करीपर्यंत एकाही जखमीला हात लावायचा नाही, असा दंडक घातला. इंकरमनच्या लढाईनंतर जखमींचे लोंढे आले आणि डॉक्टरांनाच तिच्याकडे यावे लागले. आधी आज्ञा, मग सेवा, हा नियम तेव्हापासून जगभर गेला. डॉक्टरांच्या कारभारात स्वतःच्या परिचारिकांना शिरकाव मिळावा म्हणून तिने तो स्वीकारला होता, हेही तितकेच खरे.

परंतु आपल्या देशात या दोन थरांच्या खाली आणखी एक थर आहे आणि त्याच्याकडे पाहण्याचे आपले लेखक टाळतात. तो विटाळाचा थर आहे. रक्त, पू, लघवी, विष्ठा, वार आणि प्रेत यांना कोणी हात लावायचा, या प्रश्नाचे उत्तर येथे इस्पितळे निघण्यापूर्वीच ठरलेले होते. इस्पितळ आले, पण त्याने ते उत्तर बदलले नाही. त्याने फक्त त्याला गणवेश दिला.

प्रथम शब्द पाहू. नर्सिंगला आपण मराठीत 'शुश्रूषा' म्हणतो, 'परिचर्या' म्हणतो. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, म्हणजेच आज्ञाधारकपणा. मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात शूद्राला जे एकमेव कर्म नेमून दिले आहे, ते वरच्या तीन वर्णांची शुश्रूषा. गीतेच्या अठराव्या अध्यायात शूद्राचे स्वभावसिद्ध कर्म म्हणून जे सांगितले आहे, ते परिचर्या. शब्द निवडणाऱ्यांनी हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. मुद्दाम करावे लागले नाही, हेच ध्यानात घ्यायचे. महाराष्ट्र शासनाच्या आरोग्य खात्यातील पदनामेही पाहण्यासारखी आहेत. परिचारिकेला 'अधिपरिचारिका' म्हणतात. बढती मिळाली की ती 'परिसेविका' होते आणि सर्वांत वरच्या खुर्चीवर बसली की 'अधिसेविका'. पदे वर चढतात, पण 'सेविका' सुटत नाही. डॉक्टर मात्र नोकरीच्या पहिल्या दिवसापासून 'वैद्यकीय अधिकारी' असतो.

आता डॉक्टरकडे वळू. आजचा वाचक समजतो की वैद्य हा आपल्याकडे नेहमीच पूज्य होता. वस्तुस्थिती उलट आहे. तैत्तिरीय संहितेत अश्विनीकुमार हे देवांचे वैद्य असूनही अपवित्र मानले आहेत. ते माणसांत फिरतात, रोग्यांना शिवतात, म्हणून ब्राह्मणाने वैद्यकी करू नये असे तेथे सांगितले आहे. मनूने वैद्याला श्राद्धाच्या पंक्तीतून उठवले, त्याचे अन्न पुवासारखे मानले आणि चिकित्सेचा धंदा अंबष्ठ या संकरजातीच्या माथी मारला. रोग्याच्या अंगाला हात लावतो तो अशुद्ध, एवढा साधा हा हिशेब होता. देवीप्रसाद चट्टोपाध्यायांनी १९७७ च्या त्यांच्या ग्रंथात हा धागा सविस्तर उलगडला आहे. ज्ञान हाताने मिळते आणि हात मळतो, म्हणून ज्ञानही मळके, असे हे तत्त्वज्ञान होते.

मग अशुद्ध ठरवलेला हा माणूस वर कसा चढला? हात झटकून चढला. याची सुरुवात आयुर्वेदातच दिसते. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. वरकरणी ही रचना समतेची वाटते. पण लगेच पुढे दाखला येतो की वैद्य हा कुंभार आहे आणि बाकीचे तिघे म्हणजे माती, दांडा, चाक, दोरा. कुंभाराविना त्यांचा काय उपयोग? (कुंभाराला असा मान देणाऱ्यांनी खऱ्या कुंभाराला कोणत्या ओळीत बसवले, हे येथे आठवण्यासारखे आहे.) परिचारकाच्या अंगी चार गुण हवेत: उपचाराची माहिती, दक्षता, पोशिंद्यावर निष्ठा आणि शुचिता. रुग्णगृहाच्या वर्णनात आंघोळ घालणारे, अंग चोळणारे, रोग्याला उचलणारे, औषध कुटणारे असे अनेक परिचारक मोजले आहेत आणि त्यांनी कुठल्याही कामाला नाही म्हणता कामा नये, अशी अट आहे. कोणत्या कामाला माणूस नाही म्हणतो हे चरकाला ठाऊक होते. पण ते काम त्याने नाव घेऊन सांगितले नाही.

ते नाव घेऊन सांगितले विनयपिटकाने. महावग्गाच्या आठव्या खंधकाची सुरुवात जीवक या थोर वैद्याच्या कथेने होते. जीवकाची कथा शाळेच्या पुस्तकातही आली. त्याच खंधकात पुढे एक प्रसंग आहे, त्याला ते भाग्य लाभले नाही. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून आहे. त्याने कोणाचे कधी काही केले नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नाही. भगवान बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात. स्वतः पाणी ओततात, आनंद धुतो. मग एकजण डोक्याकडून आणि एकजण पायांकडून धरून त्याला खाटेवर ठेवतात. यानंतर बुद्ध संघाला सांगतात की तुम्हाला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील. ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुणही तेथे सांगितले आहेत. औषध तयार करता येणे, पथ्य कुपथ्य कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने काम करणे, आजाऱ्याला धम्माच्या बोलण्याने धीर देणे. आणि विष्ठा, मूत्र, वांती काढताना किळस न करणे. चरकाच्या चार गुणांशेजारी हे पाच ठेवले की फरक दिसतो. तेथे पोशिंद्यावरील निष्ठा आणि स्वतःची शुचिता; येथे मैत्री आणि किळसीवर मात. आणखी एक गोष्ट माझ्या मते याहून महत्त्वाची आहे. शिष्य आजारी पडला तर गुरूने त्याची शुश्रूषा करावी आणि गुरू पडला तर शिष्याने, असा हा नियम दोन्ही बाजूंनी लागू आहे. कोणीच नसेल तर साऱ्या संघावर जबाबदारी येते, आणि ती न पाळल्यास दोष लागतो. संघात प्रत्यक्ष काय घडत होते हा वेगळा प्रश्न. तो भिक्खू घाणीत पडून होता यावरूनच नियमाची गरज दिसते. पण शुश्रूषा हे कोणा एका जातीचे, लिंगाचे वा पायरीचे काम नाही, असा नियम या भूमीवर लिहिला गेला होता एवढे निश्चित.

इंग्रजी अमदानीत वैद्याची दुसरी चढण सुरू झाली. कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज १८३५ साली निघाले. पुढच्याच वर्षी वैद्य जातीच्या मधुसूदन गुप्तांनी प्रेताचे विच्छेदन केले. त्या वेळी किल्ल्यावरून तोफा डागल्या गेल्या, असे सांगतात. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे. १८५१ साली बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. वरच्या जातींच्या या मुलांनी प्रेताला हात लावला, ही क्रांती खरीच होती, तिचे मोल मी कमी लेखीत नाही. पण तोफा एकदाच वाजल्या. पिढ्यान् पिढ्या प्रेते वाहणारे, उचलणारे आणि पुरणारे जे डोम आणि महार होते, त्यांच्यासाठी कोणी तोफ डागली नाही. पुढे काय झाले? आज कित्येक शवागारांत प्रेत उघडतो तो सफाई कामगार आणि डॉक्टर अंतरावर उभा राहून टिपण सांगतो. पदवी मिळाली, प्रतिष्ठा मिळाली आणि हात पुन्हा स्वच्छ झाले. विटाळ नाहीसा झाला नाही, एक पायरी खाली उतरला.

बाळंतपणाच्या बाबतीत हेच अधिक उघडपणे घडले. खेड्यात बाळंतपण करणारी सुईण बहुधा खालच्या जातीची. उत्तर हिंदुस्थानात चांभारीण, आपल्याकडे कित्येक गावांत मांगीण. नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताची लुगडी धुवायची, हे सारे तिचे काम. पाटलाच्या माजघरात एरवी जिची सावली चालत नसे, ती बाळंतपणाच्या दहा दिवसांत आत जाई. बाराव्या दिवशी घर शुद्ध होई आणि ती पुन्हा वेशीबाहेर. मूल आडवे आहे हे पोटावरून हात फिरवून सांगणारे ज्ञान तिच्याकडे होते, आणि मळक्या विळ्याने नाळ कापण्यातला धोका तिला कोणी शिकवला नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १८८५ साली डफरिन फंड निघाला आणि 'अडाणी, गलिच्छ दाई' हा डॉक्टरांच्या लेखनातील ठरलेला विषय झाला. तिला शिकवण्याचे वर्ग निघाले, पण तिला परिचारिका करावे, पगारी करावे, तिच्या हातातल्या ज्ञानाला नाव द्यावे असे फारसे कोणाच्या मनात आले नाही. तिचे काम इस्पितळात गेले, ती गेली नाही. ती गेली असेल तर आया म्हणून.

मग परिचारिका कोण झाल्या? मुंबईच्या जे. जे. इस्पितळात शुश्रूषेचे काम प्रथम ख्रिस्ती धर्मभगिनींकडे होते. 'सिस्टर' ही हाक त्यांनी ठेवून दिलेली. १८८६ साली कामा इस्पितळ उघडले. एडिथ पीची ही इंग्रज डॉक्टर तेथे प्रमुख होती. स्त्रियांनी चालवलेले, स्त्रियांचे इस्पितळ. केवळ पुरुष विरुद्ध स्त्री एवढेच कारण असते तर येथे तरी वेगळे नाते दिसायला हवे होते. पण इतिहासाने कोणाला लक्षात ठेवले ते पाहा. आनंदीबाई जोशी आणि रखमाबाई ही डॉक्टर स्त्रियांची नावे प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ आहेत, ती असलीच पाहिजेत. १८९१ साली प्रशिक्षणाला आलेली पहिली हिंदी परिचारिका म्हणून नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत बाई काशीबाई गणपत असे नाव छापतात. नावापुढे आडनावसुद्धा नाही. एक ओळ, आणि पुढची ओळ दुसऱ्या विषयावर. आमच्या स्त्रीमुक्तीच्या इतिहासालाही हाताने काम करणारी स्त्री दुसऱ्या ओळीत लागते.

हिंदू घरांतून मुली येईनात, कारण परपुरुषाच्या अंगाला हात लावावा लागे आणि त्याहून मोठे कारण, त्याचे भांडे उचलावे लागे. म्हणून हे काम अँग्लो-इंडियन, देशी ख्रिस्ती आणि पुढे केरळी ख्रिस्ती मुलींवर आले. देशी ख्रिस्त्यांत पूर्वाश्रमीचे अस्पृश्य कितीतरी होते. मिशनच्या शाळेने त्यांच्या लेकींना अक्षर दिले आणि मिशनच्या दवाखान्याने गणवेश दिला, हे ऋण मान्य केले पाहिजे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले आणि वरच्या जातीच्या स्त्रिया ससूनमध्ये नर्सिंग शिकू लागल्या. त्यात विधवा होत्या. हे धाडसाचे काम होते. तरी एक प्रश्न मनात येतोच: सवाष्ण लेक ज्या कामाला पाठवायची नाही, त्याला विधवा कशी चालली? ती आधीच अशुभ ठरलेली होती, तिला आणखी विटाळ काय होणार?

या साऱ्या काळात वेगळे नाते एकदा दिसते. १८९७ चा प्लेग. सावित्रीबाईंचा मुलगा डॉ. यशवंत लष्करी नोकरीतून रजा घेऊन आला आणि पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला ससाणे यांच्या माळावर त्याने दवाखाना उघडला. डॉक्टर कोण? एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला आणि माळ्याच्या घरात वाढलेला. शुश्रूषा करणारी कोण? त्याची आई, या देशातील पहिली शिक्षिका, तेव्हा पासष्टीच्या घरातली. रोगी कोण? मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड नावाचा मुलगा, त्याला पाठीवर घेऊन ती दवाखान्यात आली. त्यातच तिला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला ती गेली. सावित्रीबाईंचे हे मरण आपण भाषणांत सांगतो ते त्यागाची गोष्ट म्हणून. मला त्यातली कामाची रचना महत्त्वाची वाटते. तिने कोणाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. रोगी शोधणे, उचलणे आणि आणणे हा उपचाराचाच भाग मानला. त्याच सुमारास मुंबईत आणि पुण्यात जातीजातींची वेगळी प्लेग इस्पितळे निघत होती. आपल्या माणसाला परक्या जातीच्या माणसाचा हात लागू नये ही तेथे पहिली काळजी होती, ताप नंतर.

पुढे १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. त्यातले आकडे आजही वाचताना थांबायला होते. साऱ्या हिंदुस्थानात डॉक्टर सुमारे ४७,५०० आणि नर्सेस सुमारे ७,०००. दर ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, पण एक नर्स ४३,००० माणसांमागे. परिचारिका डॉक्टरांपेक्षा कितीतरी अधिक असल्या पाहिजेत हे कोणीही सांगेल, आणि आपल्याकडे सात डॉक्टरांमागे एक! हे केवळ गरिबीने घडत नाही. गरीब देशात महागडे डॉक्टर कमी आणि परिचारिका जास्त असायला हव्यात. जो देश ज्ञानाला मान देतो आणि स्पर्शाला देत नाही, तेथेच हे उफराटे गणित जमते. १९३६ साली बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले होते की जातिव्यवस्था कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांची वाटणी करते आणि त्यांना एकावर एक रचते. भोर समितीच्या या आकड्यांत ती रचना मोजता येते.

हे दुखणे आपलेच नव्हे, अमेरिकेतही याची जातकुळी आहे. १९६७ साली लिओनार्ड स्टाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 'डॉक्टर आणि नर्स यांचा खेळ' या विषयावर एक लेख लिहिला, तो बराच गाजला. खेळ असा: रोग्याला काय हवे हे नर्सला कळलेले असते, पण तिने ते सुचवायचे अशा रीतीने की डॉक्टरला ते स्वतःलाच सुचले असे वाटावे. 'अमुक औषध द्या' म्हणायचे नाही. 'काल रात्री झोप लागली नाही, गेल्या वेळी अमुक औषधाने लागली होती' एवढे म्हणून गप्प बसायचे. उघड मतभेद झाला की खेळ संपला.

पण हा खेळ गोऱ्या डॉक्टरचा आणि गोऱ्या नर्सचा. काळ्या मुलीला खेळात घेतच नव्हते. एमा रेनल्ड्स ही काळी मुलगी शिकागोत नर्सिंगच्या शाळांचे दरवाजे ठोठावीत फिरली. रंगामुळे सगळे बंद. तिचा भाऊ धर्मोपदेशक होता, तो डॅनिएल हेल विल्यम्स या काळ्या शल्यविशारदाकडे गेला. विल्यम्सने आपले वजन खर्चून तिला एका शाळेत चिकटवून घेण्याऐवजी १८९१ साली प्रॉव्हिडंट हे इस्पितळ आणि त्याला जोडून नर्सिंगची शाळा काढली. सुरुवातीला खाटा बारा. १८९३ साली तेथेच त्याने एका जखमी माणसाच्या हृदयावेष्टनावर शस्त्रक्रिया केली आणि ती जगभर नावाजली गेली. एमा त्या शाळेतून नर्स होऊन बाहेर पडली आणि १८९५ साली डॉक्टरही झाली. एका नाकारलेल्या नर्सपायी एका डॉक्टरला इस्पितळ काढावे लागले. आपल्याकडे दलित डॉक्टर झाले, अनेक झाले, काहींनी मोठी खासगी इस्पितळे बांधली. त्यांच्या इस्पितळांत परिचारिकेला काय पगार मिळतो आणि आया कोणत्या भांड्यात चहा पिते, याची चौकशी आपल्या चळवळीने एकदा करावी.

कारण दोष केवळ डॉक्टरांकडे नाही. माझी सख्खी मावशी मराठवाड्यातील एका इस्पितळात अठ्ठावीस वर्षे आया होती. तिला सगळेच मावशी म्हणत, त्यामुळे मला लहानपणी वाटे की या साऱ्या माणसांशी आपले नाते आहे. तिचा कप खिडकीत वेगळा असे, आणि तो वेगळा ठेवणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, सिस्टर होत्या. रोगी हातचा जाणार हे मावशीला तळपायावरून कळे; भांडे द्यायला, कूस बदलायला तीच जाई, तिचा हात सतत अंगाला लागलेला. ती सिस्टरला सांगे. सकाळी राउंडला सिस्टर तेच डॉक्टरांना आपले निरीक्षण म्हणून सांगे आणि डॉक्टर ते केसपेपरवर आपले म्हणून लिही. स्टाइनने दोन खेळाडूंचा खेळ पाहिला. आपल्याकडे तो तिघांचा आहे आणि तिसऱ्याचे नाव कागदावर कधी येत नाही. उतरंडीत ज्ञान वर जाते आणि घाण खाली येते, आणि मधल्या पायरीवर उभी असलेली बाई दोन्हीकडची दलाली करते. डॉक्टरकडून झालेला अपमान ती आयावर उतरवते. हे तिच्या स्वभावात नाही, तिच्या पायरीत आहे. पण सोसणाऱ्या मावशीला याने काय फरक पडतो?

अलीकडच्या काही घटना या दृष्टीने वाचल्या पाहिजेत. खासगी इस्पितळांतील परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१६ साली न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमण्यास सांगितले. समितीने पन्नास खाटांपेक्षा लहान इस्पितळांतही दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत आणि दोनशेहून अधिक खाटा असल्यास सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, अशी शिफारस केली. शिफारसीचा कायदा झाला नाही. २०१९ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा आला. त्याच्या बत्तिसाव्या कलमात डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना मर्यादित औषधोपचाराची परवानगी देण्याची तरतूद होती. डॉक्टरांच्या संघटनेने ३१ जुलैला देशभर काम बंद ठेवले. गरिबाच्या वाट्याला दुय्यम उपचार येतील, ही त्यांची भीती अगदीच खोटी नाही. पण ज्या उपकेंद्रात डॉक्टर जायला तयार नाही, तेथे रात्री दोन वाजता बाळंतपण एकटीने पार पाडणारी ए.एन.एम. त्या दिवशी कोणाला आठवली नाही. ती बहुधा आपल्यातली असते, किंवा आदिवासी असते. माझ्या वर्गात बारावीनंतर मुली गळतात, त्यांतल्या ज्या शिकत राहतात त्या पुष्कळशा या अभ्यासक्रमाला जातात. बाप म्हणतो, लवकर नोकरी लागेल.

आणि नोकरीचीच गोष्ट आता बदलते आहे. आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार ही पदे गेल्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर ठेकेदाराकडे गेली. मावशीच्या पिढीला निदान निवृत्तिवेतन मिळाले. तिच्या जागी आज जी आहे तिला ओळखपत्रही ठेकेदाराचे मिळते. तेव्हा परिचारिकांच्या संघटना गप्प होत्या, कारण प्रश्न खालच्या पायरीचा होता. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी परिचारिका संपावर गेल्या, त्या त्यांचीच भरती बाह्य यंत्रणेमार्फत करण्याच्या धोरणाविरुद्ध. २०२३ साली १९४७ चा परिचर्या परिषदेचा कायदा जाऊन नवा आयोगाचा कायदा झाला. त्यात नोंदणी, शिक्षण, दर्जा हे सारे आले आहे. पण इस्पितळातल्या परिचारिकेला सरकार नेमणार की ठेकेदार, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

नर्सिंगच्या कॉलेजात राखीव जागेवर शिकलेली आमची मुलगी गणवेश शिवून बसते आणि वर्तमानपत्रात जाहिरात शोधते. ठेक्यावरची माणसे घ्यायला जाहिरात लागत नाही. जाहिरात नाही म्हणून पदसंख्या नाही, आणि पदसंख्या नाही म्हणून बिंदुनामावलीही लावली जात नाही.